लिंबाखाली बसलं की विचारायचं नाही

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी पहाटे पहाटे मला अजून एक स्वप्न पडतं. काखेत फक्कीचं घमेलं आहे, पायाखाली लातूरचं ते दगडासारखं मैदान आहे आणि मी ओणवी होऊन पांढरी रेघ ओढत चालले आहे. रेघ कुठं जाऊन मिळणार ते दिसत नाही. मागं वळून बघावं तर आधी ओढलेली वाऱ्यानं पुसून गेलेली असते. भीती वाटत नाही, उलट फार निवांत वाटतं. मग धुक्यातून कुणीतरी म्हणतं, "बाई, आलो आम्ही," आणि जाग येते. त्यानंतर अर्धा तास मला चहा टाकायचंही सुचत नाही.

एका दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, नोकरीवर लिहा. शेजारणीला सांगितलं तर ती हसली. "पी.टी.च्या बाईनं काय लिहायचं? शिट्टी वाजवली, शिट्टी वाजवली, रिटायर झाली." तिचं अगदीच खोटं नाही. शाळेत पी.टी.ची बाई म्हणजे सगळ्यांच्या हाताखालचं माणूस. गणवेश तपासा, पंधरा ऑगस्टचं संचलन बसवा, गणिताचे सर आजारी पडले की त्यांच्या वर्गावर जाऊन बसा. यातून वेळ उरला तर खेळ. त्यातही माझा विषय धावणं. धावायला कुणी शिकवावं लागतं का, असं लोक विचारत. जन्मतः सगळ्यांना येतं, खरं आहे. पण पोरगी बारा-तेरा वर्षांची झाली की घरचे तिला हळू चालायला शिकवतात, आणि ते विसरायला लावायला माझा पगार चालू होता.

मी मूळची मुखेड तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात आमचं अख्खं घर दुष्काळी कामावर खडी फोडायला होतं. मोठ्या बहिणीच्या नावावर दुपारची हजेरी द्यायला मी उभी राहायचे, कारण ती तापानं पडलेली असायची. पाणी आणायलाही मीच. आड अर्ध्या मैलावर. मुकादमाची शिट्टी ऐकू आली की घागर आडावरच ठेवून मी धूम ठोकायचे, "हाय" म्हणायचे आणि पुन्हा घागरीकडं जायचे. पुढं चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतल्या पोरांच्या शर्यतीत परकर खोचून उतरले आणि पहिली आले, तेव्हा लोकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. नुसतं पळायचं होतं, मागं घागर राहिलेली नव्हती.

आमच्या भागातून चड्डी घालून राज्याच्या स्पर्धेत धावलेली पहिली मुलगी मी, असं सत्काराच्या वेळी सांगतात. पहिलं असण्याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. फक्त पहिलीला विचारायला कुणी नसतं. काय रीत आहे आणि काय रीत नाही, हे सांगणारी पुढं गेलेली बाई नसते. त्यामुळं जे समोर येईल ते खेळातलंच आहे असं मानून मी चालत राहिले. याचे परिणाम दुसरीला भोगावे लागले, ते लिहायला म्हणून खरं तर हे बसले आहे.

मी लातूरला शाळेत लागले आणि काही दिवसांतच नवा जिल्हा झाला. कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगत होत्या, गावभर ऑइल पेंटचा वास होता. तोवर आमच्या मुली उस्मानाबादच्या संघातून जायच्या, म्हणजे बहुतेक जायच्याच नाहीत. आता जिल्हा आपला, संघ आपला. रिले शर्यतीसाठी मुलींचा संघ बांधायचं काम माझ्याकडं आलं, कारण दुसरी बाईच नव्हती. पाठोपाठ पाऊस रुसला. एक वर्ष, दुसरं वर्ष. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. टँकर आला की वर्गातून पोरी उठून जायच्या, आणि मास्तर लोक हजेरी लावून टाकायचे.

मैदान आखायला फक्की लागते, म्हणजे चुन्याची पूड. ती ओली करून मारली की रेघ आठवडाभर टिकते. ओली करायला पाणी कुठलं? मी कोरडीच मारायचे आणि दुपारच्या वाऱ्यात ती उडून जायची. म्हणून रोज पहाटे मैदान नव्यानं आखायचं. मधोमध खुंटी, खुंटीला दोरी, दोरी ताणून मी गोल फिरायचे. सूर्य उगवायच्या आत मुली यायच्या. धुळीत एकेक आकृती दिसायला लागायची, आधी पाय दिसायचे, मग वेण्या. ते दिवस आठवले की दुष्काळ आठवत नाही मला. फक्त तो पांढरा गोल आणि त्यावरून कुणी तरी अनवाणी येतंय, एवढंच आठवतं.

मुली मिळवणं अवघड होतं. एक वडील म्हणाले, "पोरगी पळंल, पर सलवारीत." मी म्हटलं, चालेल. दुसरे म्हणाले, "पळून जायाचं कुठं हाय तिला?" मी म्हटलं, "दोनशे मीटर. फिरून पुन्हा तुमच्यापुढंच येणार." ते हसले आणि पोरगी दिली. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. महिन्यातले चार दिवस मुली यायच्याच नाहीत. कावळा शिवला हे मैदानावर उभं राहून कसं सांगायचं? त्यापेक्षा घरीच राहायच्या, आणि एकदा घरी राहिली की आई म्हणायची, आता जाऊच नको.

मग मी एक नियम केला. मैदानाच्या कडेला लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, जुनं झाड होतं. ज्या मुलीला आज धावायचं नाही तिनं यायचं आणि लिंबाखाली बसायचं. कारण सांगायचं नाही. मी विचारणार नाही, दुसरी कुणी विचारणार नाही. बसायचं, दुसऱ्यांचं धावणं बघायचं, घरी जायचं. हा नियम इतका चालला की शेजारच्या शाळांतल्या मुली आमच्याकडं यायला लागल्या. मला त्याचा भारी गर्व होता. कुणी पाहुणे आले की मी लिंबाकडं बोट करून हे सांगायचे.

मंगल औशाकडच्या एका खेड्यातली, शिकायला लातुरात मामाकडं राहायची. सोळा वर्षांची, बारीक, बोलायला कमी. रिलेत चार मुली असतात आणि शेवटचा टप्पा सगळ्यात वेगवान मुलीला देतात, तो मंगलचा. बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पहिली मुलगी शंभर मीटर धावते आणि हातातली नळी दुसरीला देते. दुसरी तोवर उभी नसते, ती आधीच धावायला लागलेली असते. ती मागं बघत नाही. मागून "हात" अशी हाक आली की तिनं न बघता हात मागं करायचा, आणि नळी हातात येणारच असं धरून चालायचं. महिनोन्महिने आम्ही एवढंच करायचो. मंगलच्या आधी नसीम धावायची. नसीम उदगीरची, तोंडाची फटकळ, आणि त्या दोघींची नळी कधी पडली नाही. आमची नळी म्हणजे बांबूचा तुकडा होता, त्याला मंगलनं निळा दोरा गुंडाळला होता.

निवडीला तीन आठवडे राहिले असताना मंगल लिंबाखाली बसली. पहिल्या दिवशी मी बघितलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी वाटलं, एखादीला जास्त दिवस लागतात. सहाव्या दिवशी वाटलं, अशक्तपणा असेल, गूळ-शेंगदाणे आणून द्यावेत. आणून दिले. तिनं घेतले, फ्रॉकच्या खिशात ठेवले. आठव्या दिवशीही मी विचारलं नाही. नियम पाळते म्हणून स्वतःवरच खूश होते मी. खरं लिहायचं तर, मला आत कुठंतरी काहीतरी टोचत होतं आणि विचारलं तर ऐकावं लागेल, याची भीती वाटत होती.

नवव्या दिवशी नसीम माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"बाई, तिला कावळा-बिवळा कायबी न्हाई."

"नसीम, आपलं ठरलंय ना? विचारायचं नाही."

"मी इचारून न्हाई राहिले, सांगून राहिले. तिचं माप घेतेत. पुन्ना पुन्ना घेतेत."

"कसलं माप?"

"सर घेतेत ना फारमसाठी. खोलीत. माझं एकदाच घेतलं, मी वरडले, मला सोडलं. ती वरडत न्हाई."

सर म्हणजे निवड समितीवरचे सर. सगळे नुसतं सर म्हणत. गावात मान मोठा, पांढरा सदरा, कपाळावर नेहमी गंध, मुलींना "बेटा" म्हणून हाक. निवडीच्या आधी ते शाळेत येत आणि साहित्याच्या खोलीत एकेक मुलीची टेपनं मापं घेत. उंची, वजन, छाती, मांडी. मला हे ठाऊक होतं. खोलीची किल्ली मीच त्यांना द्यायचे. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण माझंही माप असंच घेतलं गेलं होतं.

मी लिंबाखाली जाऊन मंगलच्या शेजारी बसले. ऊन अजून कोवळं होतं. समोर नसीम एकटीच गोल फिरत होती. काय झालं म्हणून विचारलं असतं तर मंगल "काई न्हाई" म्हणाली असती. म्हणून मी माझंच सांगायला लागले. हे मी त्याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं कुठून सुरू करायचं तेही कळेना. मी सतरा वर्षांची असताना एका शिबिराला गेले होते. मुखेडहून वडील एस्टीनं सोडायला आले, फाटकाबाहेरच्या हॉटेलात बसले. शिबिराच्या गुरुजींनी एकेकीला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेप आधी गार लागली. नंतर टेप बाजूला राहिली. मी छताकडं बघत एकोणतीसचा पाढा म्हणत होते. मला वाटलं, राज्यावर जायचं तर हे असतंच.

मंगलनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"तुमाला बी?"

"हो."

"मग तुमी काय केलं?"

"राज्यावर धावले."

"आन्?"

"आणि काही नाही."

ती काडीनं मातीत रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "माझं तीनदा घेतलं, बाई. आकडा नीट येईना म्हनले."

त्या तिन्ही वेळा किल्ली मी दिली होती.

"मंगल, तुला काय पाहिजे? तू म्हणशील तसं करू."

"घरी सांगू नका. मामाला कळलं की सोयरीकच बघतेत. पर त्या खोलीत मी पुन्ना पाय ठेवनार न्हाई."

"आणि धावायचं?"

"धावायचं हाय की."

मी मुख्याध्यापकांकडं गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लोटून घेतलं, सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. "बाई, नवा जिल्हा आहे. रिलेचा पहिलाच संघ. आता बोभाटा झाला तर एक पोरगी मैदानावर यायची नाही. चार-पाच वर्षं तुम्ही जे उभं केलंत ते एका दिवसात जाईल." ते भ्याडपणानं बोलत होते, पण खोटं बोलत नव्हते. ते मला जास्त लागलं. मी नुसतीच उठले आणि कारकुनाकडून निवडीचा कोरा फॉर्म मागून घेतला. दोन वर्षं त्या फॉर्मच्या तळाशी मी सही करत आले होते, वर काय छापलंय ते कधी वाचलं नव्हतं. त्यात नाव होतं, जन्मतारीख होती, शाळा, उंची, वजन. छातीचा आणि मांडीचा रकानाच नव्हता.

त्या कागदाकडं मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. बाहेर टँकर आला होता, बादल्यांचा आवाज चालला होता आणि मला तो फार लांबून ऐकू येत होता.

निवडीच्या दिवशी प्रत्येक मुलीनं घरचं एक माणूस आणायचं, असा मी निरोप दिला. धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडतीवरून पोती मोजायचा काटा हातगाड्यावर घालून आणला. त्याच्यावर तुरीच्या डाळीचा भुगा बसलेला होता, तो मी पदरानं पुसला. शाळेच्या भिंतीवर खडूनं उंचीच्या खुणा केल्या. साहित्याच्या खोलीला कुलूप घातलं. मैदानावर आया, मावश्या, एक-दोन आज्या, कडेला पुरुष, त्यात मंगलचे मामा. आज्यांना काट्याची फार मौज वाटली. एकजण म्हणाली, "आमच्या पोरीला तुरीच्या भावानं मोजून राहिली का बाई?" सगळ्या हसल्या. तेवढ्यात सर आले.

"खोली उघडा, बाई."

"मापं इथंच घेतलीत, सर. उंची आणि वजन. फॉर्म भरून तयार आहेत."

"बाकीची मापं?"

मी कोरा फॉर्म त्यांच्यापुढं धरला. "बाकीची कोणत्या रकान्यात लिहायची, तेवढं वाचून दाखवा."

ते हसले. मायेनंच हसले. "तुम्ही तर स्वतः खेळाडू. तुम्हाला पद्धत ठाऊक आहे."

त्यांनी हे म्हटलं नसतं तर कदाचित मी तिथंच थांबले असते. "ठाऊक आहे," मी म्हणाले. आवाज आपोआप मोठा झाला होता. "सतराव्या वर्षी माझं माप असंच घेतलं होतं. बंद खोलीत. ते माप नव्हतं, सर. आणि तुम्ही घेता तेही माप नाही."

मी मुलींकडं पाहिलं नाही, एकीचंही नाव घेतलं नाही. मनाशी पक्कं केलं होतं, जळायचं असेल तर माझं नाव जळू दे, पोरींचं नको. सरांनी टेप गुंडाळली, खिशात घातली, महत्त्वाचं काम आहे म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. एका आजीनं त्यांच्या मागं धूळ फेकली. निवड समितीच्या बाकीच्यांनी केली. संघात नसीम आली, मंगल आली.

सरांचं पुढं काय झालं? तब्येतीच्या कारणानं ते समितीवरून दूर झाले, असं कळवलं गेलं. दुसऱ्या वर्षी एका कार्यक्रमात त्यांना हार घालताना मी पाहिलं. माझ्या नावाची मात्र गावभर चर्चा झाली. त्या आधी माझं लग्न ठरत आलं होतं, नांदेडचं स्थळ होतं, माणसं बरी होती. त्यांनी पोस्टकार्डावर दोन ओळींत नकार कळवला. मला त्या माणसाचा राग आला नाही, मी चार दिवस रडले तेवढंच.

बातमी मुखेडला पोचली आणि वडील एस्टीनं आले. खोलीत शिरले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. मी भाकरी थापत होते. दोन भाकऱ्या भाजून झाल्या. मग जमिनीकडं बघत ते म्हणाले, "त्या दिशी मी भाईरच हुतो न्हवं गं."

"हो, अण्णा."

"मी चा पिऊन राहिलो हुतो." आणि मग, जरा वेळानं, "दोन कप पेलो."

माझ्या वडलांना मी रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी हॉटेलात बसून चहा घेतला नाही. गावात लोकांना वाटायचं, म्हाताऱ्यानं कसलं तरी व्रत धरलंय.

आणि मंगल. मी तिचं नाव घेतलं नव्हतं, पण मामांना दिवस मोजता येत होते. पोरगी लिंबाखाली किती दिवस बसली होती हे त्यांनी रस्त्यानं येता-जाता पाहिलं होतं. निवडीनंतर तिसऱ्या सकाळी ते तिला घेऊन मैदानावर आले. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

"बाई, पोरगी गावाकडं न्यायला लागलो."

"तिनं काय केलंय, मामा?"

"तिनं काई न्हाई केलं. म्हनूनच नेऊन राहिलो." त्यांचे डोळे लाल झालेले होते. ओरडले असते तर मी भांडले असते.

मंगल माझ्याजवळ आली. तिला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले तिचे, मला आजही दिसतात. मी घाईघाईनं तिचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "काही बोलू नको. तुझं नाव कुठंच येणार नाही, मी शब्द देते." तिनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि गेली. त्या क्षणी मला वाटलं होतं, एवढं तरी मी तिच्यासाठी केलं.

रिलेला मंगलच्या जागी दुसरी मुलगी धावली. नसीमनं "हात" म्हणून हाक दिली, नळी पडली, उचलली, आम्ही शेवटून दुसऱ्या आलो. नव्या जिल्ह्याचं नाव मुलींच्या रिलेच्या यादीत पहिल्यांदा लागलं. कुणी मैदान सोडलं नाही. मुख्याध्यापकांचा अंदाज चुकला होता, आणि हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. लिंबाखालचा नियम मी बदलला. बसायची मुभा तशीच ठेवली, फक्त रोज मी जाऊन शेजारी बसायचे. ज्यांना बोलायचं नसे त्या शेंगा फोडायच्या.

पुढं मी हेच बोलत फिरले. शाळा-शाळांतून, क्रीडा शिबिरांतून, आधी लातुरात, मग नांदेडकडं. लोक आधी म्हणायचे, असलं मुलींपुढं बोलतात का? मी म्हणायचे, मुलींपुढंच बोलतात, ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापुढं बोलून काय उपयोग. मापं उघड्यावर, दोन बायकांसमक्ष घ्यायची, एवढी गोष्ट मान्य व्हायला मला किती अर्ज करावे लागले ते विचारू नका. भाषणात मी माझीच गोष्ट सांगत आले. मुली रडायच्या, कधी एखादी नंतर मागं थांबायची. मी चांगली बोलते, असं सगळे म्हणत.

निवृत्त झाल्यावर एकदा नायगावला एका शाळेत बोलावलं होतं. हॉल भरलेला, खाली सतरंजीवर मुली, मागं खुर्च्यांवर पालक. मी बोलले, टाळ्या झाल्या. आभाराच्या आधी एक बाई मागून पुढं आली. अंगणवाडीच्या बायका नेसतात तशी साडी, केस पिकायला लागलेले. अशी चाल मी एकाच मुलीची पाहिली होती.

"वळखलं का, बाई?"

"मंगल."

"माझी पोरगी हाय हितं आठवीला. पळती." तिनं सतरंजीकडं मान केली, पण पोरगी दाखवली नाही. "लई चांगलं बोलल्या. तवा बी चांगलं बोलल्या हुत्या."

मी म्हणाले, "तुझं नाव मी आजवर कुठं घेतलं नाही, मंगल. दिलेला शब्द पाळलाय."

"हाव. पाळला." तिला राग आलेला नव्हता, हिशेबात चूक दाखवावी तसं ती सावकाश बोलत होती. "तुमी तुमचं बोलल्या, बाई. माझं राहूनच गेलं. त्या दिशी मैदानावर मी बोलनार हुते. तुमी हात धरला."

"मला वाटलं, तुझं नाव खराब..."

"नाव माझं हुतं की. मला इचाराचं."

तीस-पस्तीस वर्षं मी ज्या गोष्टीच्या आधारावर ताठ उभी होते ती तिनं इतक्या हळुवारपणे काढून घेतली, आणि तिचं खरं होतं. सूत्रसंचालक शिक्षक पुढं आले, म्हणाले, वेळ झाला, आता राष्ट्रगीत. मंगलनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती.

मी तिला विचारलं, "बोलायचंय?"

"हाव."

माझ्यापुढचा माइक मी काढून तिच्या हातात दिला आणि व्यासपीठावरून खाली उतरून मुलींमध्ये सतरंजीवर बसले. शेजारची पोर जरा सरकली. मंगलनं माइक तोंडाजवळ नेला, खरखर झाली, तिनं तो थोडा लांब धरला. आधी तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. आणि मग तिनं सरांचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. इतक्या वर्षांच्या माझ्या सगळ्या भाषणांत मी ते एकदाही घेतलेलं नव्हतं.